कोयत्याच्या हंगामात बसेल असं औषध

दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, चार भांडी, एखादी शेळी आणि वर पोरं, असा संसार साखर कारखान्याकडे निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. गुढीपाडव्याच्या आगेमागे पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तेच लोक परत येतात. मधले पाच-साडेपाच महिने त्यांचं गाव म्हणजे उसाच्या फडाशेजारची कोपी.

अशाच एका संध्याकाळी ओट्यावर बसून मामा आणि भाचीचा वाद रंगला. मामा अहिल्यानगर जिल्ह्यात आरोग्य सहायक म्हणून तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, त्यातली बरीच वर्षं टीबीच्या गोळ्या वाटण्यात गेलेली. भाची पुण्यात नव्या औषधांच्या चाचण्यांवर समन्वयक. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारी औषधं, सालं आणि आकडे मात्र खरे आहेत.

मामा : तुझ्या आईनं सांगितलं, बढती मिळाली म्हणून. बरं वाटलं. पण एक विचारतो, राग मानू नको. नवं औषध, नवं औषध म्हणून तुमच्याकडे एवढा पैसा ओतला जातो. इथं जुनंच अजून पोचलेलं नाही.

भाची : पोचलं नाही कसं? टीबीची औषधं सरकार फुकट देतं. उपकेंद्रापर्यंत येतात.

मामा : उपकेंद्रापर्यंत येतात. मी म्हणतोय पोटापर्यंत. डॉट्सच्या काळातला लाल डबा तू लहानपणी पाहिला असशील. प्रत्येक रुग्णाचा डबा वेगळा, वर त्याचं नाव. पहिल्यांदा टीबी झालेल्याला लाल, पुन्हा उलटलेल्याला निळा. पूर्ण कोर्सच्या गोळ्या त्यातच, एकाच्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. मध्येच औषध संपायची धास्ती नाही. डोकं लावून केलेली व्यवस्था होती. एका दिवाळीला मी वस्तीवर गेलो तर घराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, टोळी परवाच गेली. इकडे उपकेंद्राच्या कपाटात त्याचा डबा निम्मा भरलेला. उन्हाळ्यात तो परतला, तेव्हा त्याच्या नावानं निळा डबा काढावा लागला. लालाचा निळा झाला, यात औषधाचा काय दोष?

भाची : दोष औषधाचाच, मामा. त्याला सहा महिने लागतात, हाच.

मामा : म्हणजे?

भाची : तुमचा हंगाम साडेपाच महिन्यांचा आणि कोर्स सहा महिन्यांचा. एप्रिलमध्ये परतल्याबरोबर सुरू केला तरच तो गावात पुरा होणार. गणपतीत खोकला सुरू झाला तर कोर्स अर्धवट असतानाच टोळी निघणार. तुम्ही म्हणता, माणूस पळाला. मी म्हणते, औषध इतकं लांबलचक आहे की त्या माणसाच्या वर्षात ते मावतच नाही. आखूड औषध शोधणं हेसुद्धा पोचवणंच आहे.

मामा : बोलायला सोपं आहे.

भाची : झालंय ते याआधी. टीबीचा इलाज म्हणजे सॅनेटोरियम, असं जग धरून चाललं होतं. १९५६ साली मद्रासला एक चाचणी सुरू झाली. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, काही आपापल्या घरात, गोळ्या दोघांना सारख्याच. १९५९ ला निकाल आला. दाटीवाटीच्या घरात राहून, अर्धपोटी राहून गोळ्या घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले होते. त्यानंतर जगभरची सॅनेटोरियमं ओस पडली. तेव्हा वर्षभर आणि त्याहून जास्त औषध घ्यावं लागायचं. रिफाम्पिसिन आलं, जोडीला बाकीची औषधं नीट बसवली, तेव्हा ते सहा महिन्यांवर आलं. हे सगळं चाचण्यांनीच झालं.

मामा : आणि सहावर येऊन अडकलं. मी नोकरीला लागलो तेव्हा सहा, निवृत्त झालो तेव्हाही सहा. मधल्या काळात तुमचे शास्त्रज्ञ काय करत होते?

भाची : टीबीवर पैसा लावायला कुणी तयार नव्हतं, हे खरं उत्तर. श्रीमंत देशांतून टीबी जवळजवळ गेला. उरला तो आपल्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२३ मध्ये भारतात सुमारे २८ लाख नवे रुग्ण झाले, म्हणजे जगातला प्रत्येक चौथा रुग्ण आपला. पण त्याच्या खिशात पैसे नाहीत. म्हणून चाळीस वर्षांत टीबीसाठी नव्या जातीचं एकही औषध आलं नाही. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवरचं बेडाक्विलिन आलं ते २०१२ च्या अखेरीला, अमेरिकेत.

मामा : आणि इथं?

भाची : २०१६ मध्ये. तेही सुरुवातीला देशभरात सहा केंद्रांवर, मोजक्या रुग्णांना. महाराष्ट्रात फक्त मुंबईला.

मामा : घ्या! औषधाला न जुमानणारा टीबी पाथर्डीत आणि गोळी मुंबईत. तेव्हा अशा रुग्णाला मी रोज सुई टोचायला पाठवायचो, महिनोन् महिने. दोन वर्षांचा कोर्स. एकाला ऐकू येईनासं झालं. मला म्हणाला, साहेब, खोकला गेला, पण पोरगं हाक मारतं ते कळत नाही.

भाची : कानामायसिनचा तो परिणाम. मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेशन हिचीही श्रवणशक्ती टीबीच्या औषधांनीच गेली. ती गप्प बसली नाही. बेडाक्विलिनच्या मूळ पेटंटची मुदत २०२३ च्या जुलैमध्ये संपत होती. कंपनीनं त्याच औषधाच्या क्षारावर आणखी एक पेटंट मागितलं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी आणखी चार वर्षं चालली असती. नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, दोघी टीबीतून उठलेल्या, दोघींचं ऐकणं गेलेलं. त्यांनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला.

मामा : मग माझंच म्हणणं खरं ठरलं की. औषध तयार होतं. अडलं ते परवानगीत, किमतीत, पेटंटात. तुमच्या चाचण्यांच्या कागदांत माणसं मेली.

भाची : इथं मात्र मी अडवणार तुम्हाला. बेडाक्विलिनच्या ज्या चाचणीवर अमेरिकेनं परवानगी दिली, तिच्यात ते औषध घेणाऱ्या ७९ जणांपैकी १० दगावले आणि न घेणाऱ्या ८१ पैकी २. तुम्ही अधिकारी असता तर दुसऱ्या दिवशी गावोगाव वाटलं असतं?

मामा : (जरा थांबून) नसतं वाटलं.

भाची : पुढे हजारो रुग्णांची नोंद ठेवली, हृदयाचे आलेख काढले, तेव्हा खात्री पटली की औषध जीव वाचवतं. मग २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि त्या सुया मागे पडल्या. थांबण्यात माणसं मरतात हे मान्य. घाईतही मरतात. फरक एवढाच की घाईत मेलेल्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मामा : हिशेबावरून आठवलं. चाचणी कुणावर होते? माझ्यासारख्याच्या पोरांवर. पुण्याच्या कोरेगाव पार्कातला श्रीमंत माणूस तुझ्या यादीत किती वेळा येतो?

भाची : कमी येतो. तुमचा टोमणा बरोबर आहे. म्हणून तर नियम कडक झाले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला फैलावर घेतलं, २०१९ मध्ये नवी नियमावली आली. नीतिमत्ता समितीत डॉक्टरांबरोबर सामान्य माणूसही बसतो. इजा झाली तर भरपाई. नव्या औषधाच्या चाचणीत दुबळ्या गटातला रुग्ण असेल तर त्याच्या संमतीचं चित्रीकरण.

मामा : चित्रीकरण झालं म्हणजे समजलं असं होतं का?

भाची : नाही होत. मागच्या महिन्यातली गोष्ट. संमतीपत्र चांगलं पंधरा-वीस पानांचं, मराठीतच. एका रुग्ण बाईंना मी ते तासभर वाचून दाखवलं. कॅमेरा चालू. शेवटी विचारलं, काही शंका? त्या म्हणाल्या, “ताई, नाही म्हटलं तर आत्ता मिळतात त्या गोळ्या बंद होतील का?” वीस पानांत त्यांना हवं होतं ते एकच वाक्य. ते चौदाव्या पानावर होतं. मी कॅमेरा बंद केला, चहा सांगितला आणि पहिल्यापासून, कागद न बघता, बोलायला लागले.

मामा : चौदावं पान पहिलं कर. तुझ्या धंद्यातली ही सुधारणा फुकटात होईल.

भाची : मीही तेच सांगितलंय वरच्यांना. पण मामा, चाचणी गावात होऊच नये, हेही चुकीचं. आपल्याच नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाजवळ वढू आहे. तिथल्या, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या ग्रामीण केंद्रात रोटाव्हॅक लसीची मोठी चाचणी झाली. वढू, दिल्ली आणि वेल्लोर मिळून ६,७९९ बाळं. रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब निम्म्याहून जास्त कमी झाले. हीच चाचणी युरोपात झाली असती तर? आपल्या बाळांची आतडी, आपलं पाणी, आपले जंतू वेगळे. तिथला आकडा इथं लागू पडला नसता.

मामा : लस किती वर्षांत झाली?

भाची : विषाणू दिल्लीच्या रुग्णालयात सापडला १९८५-८६ च्या सुमारास. सरकारी लसीकरणात लस आली २०१६ ला.

मामा : तीस वर्षं. तेव्हाचं बाळ बाप झालं.

भाची : पण ती तीस वर्षं सगळी तपासणीत गेली नाहीत. बरीचशी वाट बघण्यात गेली. एक टप्पा संपला की पुढच्याला पैसा कोण देणार, कारखाना कोण उभारणार, फाइल कुठे आहे. करोनात जगानं पाहिलं की टप्पे एकमेकांना जोडून घेता येतात, निकाल यायच्या आधी कुप्या भरून ठेवता येतात. तपासणीला कात्री न लावता वाट बघणं कापता येतं. २०१९ च्या नियमांतही हेच आहे. भारतात शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जाला ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजायचं.

मामा : काय सांगतेस! हा नियम आधी तलाठ्याच्या फेरफाराला लावा.

(दोघंही हसतात. मामी चहा आणते. ट्रॉलीत चूल चढवायची की नाही यावरून समोरच्या वस्तीवर नवरा-बायकोचं चाललेलं इथवर ऐकू येतं.)

मामा : मला सांग, प्रश्न कोण ठरवतं? कशावर औषध शोधायचं, हे? कंपनीच ना? महाडच्या बावस्कर डॉक्टरांचं घे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी. कोकणातला लाल विंचू चावला की शंभरात पंचवीस-तीस माणसं दगावायची. कंपनीला त्यात काय रस? विंचू गरिबाला चावतो. हा माणूस रात्र रात्र रुग्णापाशी बसला, हृदय कसं थकत जातं ते टिपलं आणि रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी देऊन पाहिली. प्राझोसिन. माणसं वाचायला लागली. ना कारखाना, ना पेटंट.

भाची : अगदी मान्य. पण त्यांचं निम्मंच सांगितलंत तुम्ही. बावस्करांनी ते लिहून काढलं, १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, म्हणून ते महाडच्या बाहेर गेलं. आणि पुढे प्रतिविष मिळायला लागल्यावर आपलीच गोळी भारी म्हणून ते अडून बसले नाहीत. ७० रुग्णांवर रीतसर तुलना केली. नुसती गोळी की गोळी आणि प्रतिविष? दोन्ही एकत्र दिलेले रुग्ण कितीतरी लवकर सावरले. २०११ मध्ये तेही छापलं. प्रश्न गावातून यावा, हे तुमचं. उत्तर मोजून यावं, हे माझं. बावस्करांनी दोन्ही केलं.

मामा : मोजायचंच म्हणतेस, तर जामखेडला चल. इथून किती लांब? १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं तिथं आलं. डॉ. आरोळे मूळचे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांनी काय नवं औषध आणलं? काहीच नाही. गावातल्या बायका निवडल्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी, कातडीवरचा बधिर चट्टा ओळखणं, टीबीच्या गोळ्या चुकू न देणं. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं, तिच्या हातची गोळी घ्यायला लागलं. तू कंपनीला विचार, या बाईची किंमत औषधाच्या खर्चात धरता का?

भाची : नाही धरत. धरायला हवी. पण जामखेडचं नाव जगभर का झालं, सांगा?

मामा : काम चांगलं म्हणून.

भाची : काम चांगलं, आणि नोंद चोख म्हणून. १९७१ मध्ये तिथं हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. दोन दशकांत तो आकडा विशीच्या घरात आला. त्या निरक्षर बायकांनी आणि आरोळ्यांनी हे मोजून ठेवलं नसतं, तर आज ती एका भल्या डॉक्टरांची कहाणी एवढीच उरली असती. जामखेड हे तुमचं हत्यार आहे असं तुम्हाला वाटतं. ते माझंही आहे.

मामा : बरं, एक माझं ऐक. मघाशी मद्रासचं सांगितलंस. अर्धपोटी माणूसही गोळ्यांनी बरा झाला, म्हणालीस. त्या एका निकालानं काय केलं ठाऊक आहे? पुढची पन्नास वर्षं आम्हाला सांगितलं गेलं, गोळी द्या, भाकरीचं बघू नका. आम्ही डोळ्यांनी बघत होतो, ३५ किलोचा माणूस गोळ्या ओकतोय. आम्ही बोललो तर म्हणायचे, पुरावा काय?

भाची : (सावकाश) हे खरं आहे. ती चाचणी गोळी घरी काम करते का, एवढंच विचारत होती. भाकरीची गरज नाही, असं तिनं म्हटलं नव्हतं. सोयीचं उत्तर लोकांनी तिच्या तोंडी घातलं. पण त्यावर तोड काय निघाली, तेही ऐका. झारखंडमध्ये डॉक्टरांनी भाकरीचीच चाचणी घेतली, अगदी औषधासारखी. २,८०० रुग्ण, त्यांच्या घरचे दहा हजारांवर लोक. सगळ्या रुग्णांना दरमहा धान्य. निम्म्याच्या आसपास घरांत बाकीच्या माणसांनाही तांदूळ आणि डाळ. ज्या घरांना शिधा मिळाला, तिथं इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी. २०२३ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं.

मामा : भाकरीची चाचणी! मला हे नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं...

भाची : म्हणून म्हणते, पुराव्याशी भांडू नका. तुमचा प्रश्न घेऊन त्याच्या दारात बसा.

मामा : ठीक. मग माझे प्रश्न लिहून घे. एक, चाचणीत रुग्ण घेताना ‘कायमचा पत्ता हवा’ म्हणून ऊसतोड्याला बाहेर ठेवता ना? त्यालाच आधी घ्या. त्याच्यावर जे टिकेल ते कुणावरही टिकेल. दोन, जिथं चाचणी झाली तिथं औषध पहिलं आलं पाहिजे. तीन, साठा. २०२४ च्या मार्चमध्ये टीबीची औषधं तुटली आणि राज्यांना सांगितलं, तीन महिन्यांचं तुमचं तुम्ही विकत घ्या. नवं औषध शोधायला वीस वर्षं आणि जुनं आणायला कंत्राट नाही, याला काय म्हणायचं? चार, औषधाबरोबर ते देणाऱ्या बाईचा पगारही त्याच खर्चात मांडा.

भाची : पहिला आणि चौथा मी उद्याच मांडते. दुसऱ्याला नियमांत थोडी जागा आहे. दुसरा उपाय नसेल आणि समितीनं शिफारस केली, तर चाचणी संपल्यावरही त्या रुग्णाला औषध फुकट द्यावं लागतं. पण ते त्या रुग्णापुरतं, गावाला नाही. ते भांडण तुम्ही भांडा. माझ्याकडूनही दोन गोष्टी ऐका. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीसाठी बेडाक्विलिन आणि प्रीटोमॅनिड असलेला सहा महिन्यांचा, बिनसुईचा कोर्स सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारनं स्वीकारला. दोन वर्षांचे सहा महिने झाले. आणि साध्या टीबीवर चार महिन्यांचा कोर्स तितकाच गुणकारी ठरलाय. १३ देशांत अडीच हजार रुग्णांवर तपासलेला, २०२१ ला छापलेला. आपल्याकडे नेहमीचा कोर्स अजून सहाचाच आहे.

मामा : चार महिने... म्हणजे पट्टा पडला की मार्चअखेरीला सुरू केला, तर पंचमीला संपला. टोळी निघायला अजून अवकाश.

भाची : तेच तर मघापासून सांगतेय.

मामा : तुझ्या त्या अहवालात हे असं लिहितात का? ‘टोळी निघायच्या आत संपतो’?

भाची : नाही. ‘सतरा आठवडे’ असं लिहितात.

वाद तिथंच थांबला, मिटला नाही. पण ऐकणाऱ्याला एक गोष्ट कळली. नवं औषध आधी की जुन्याचं पोचणं आधी, हा प्रश्नच कच्चा आहे. ज्याला ते घ्यायचं आहे त्याचं वर्ष कसं जातं, हे चाचणी आखतानाच विचारलं, तर शोधणं आणि पोचवणं ही दोन कामं उरत नाहीत. आणि ते विचारलं नाही, तर कितीही गुणाची गोळी उपकेंद्राच्या कपाटात निम्म्या डब्यासारखी पडून राहते.

तोवर आजच्या औषधांवर होण्यासारखं बरंच आहे. तुमच्या गावातून टोळी निघत असेल आणि तिच्यात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर ट्रॉली भरण्याआधी त्याची थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट, औषध फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपयांप्रमाणे पैसे खात्यात येतात. कोर्स चालू असेल तर त्या रुग्णाचा निक्षय क्रमांक, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, कागदावर लिहून पेटीत ठेवायला सांगा. तो क्रमांक देशभर चालतो. कारखाना सांगलीचा असो की कर्नाटकातला, जवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवला की पुढच्या गोळ्या तिथं मिळतात.